खिडकीचा काठ कोणाचा?

साधारण वीस वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी मी ठेवींच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला होता. व्हिज्युअल बेसिक ६ ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, मराठीसाठी युनिकोडच्या आधीच्या काळातला एक फॉन्ट आणि एकच मोठा फॉर्म, त्यात ठेवीदाराचे नाव, पत्ता, वारस, रक्कम, मुदत असे सगळे. माझ्या टेबलावरचा मॉनिटर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांवर चालायचा आणि फॉर्म त्यात नीट मावत होता. काउंटरवर बसणाऱ्या बाईंना मात्र चाळिशी लागलेली. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून त्यांनी कोणाकडून तरी स्क्रीन ८०० बाय ६०० करून घेतली होती. फॉर्मची खालची पट्टी त्यांच्या स्क्रीनबाहेर गेली आणि 'जतन करा' हे बटण नेमके त्या पट्टीत होते. महिन्याभराने मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ते बटण खाली पळून जातं. पण आता मला जमतं." आणि त्यांनी करून दाखवले. रक्कम भरायची, सात वेळा टॅब दाबायचा, मग एंटर. न दिसणाऱ्या बटणावर विसंबून त्या महिनाभर लोकांच्या ठेवी नोंदवत होत्या.

ती चूक माझी होती आणि ती अजून माझ्या डोक्यात आहे. म्हणून हा विषय मला निव्वळ प्रोग्रॅमरांच्या आपसातला वाटत नाही. तहसील, सहकारी बँक, दवाखान्याचे नोंदणी काउंटर, शाळेचे कार्यालय, अशा ठिकाणी माणसे दिवसाचे आठ तास पडद्यावर कोणीतरी दुसऱ्याने आखलेल्या चौकटींसमोर, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्यांसमोर, बसतात. त्या चौकटीची लांबी-रुंदी, अक्षरांचा आकार, तिचा काठ यांवर हक्क कोणाचा, आखणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? माझे उत्तर असे आहे: आतली रचना आखणाऱ्याने करावी, पण मापांनी नव्हे, नात्यांनी. आणि बाहेरचा काठ वापरणाऱ्याचा आहे. त्याला हात लावायचा असेल तर आधी वापरणाऱ्याचे जे जे आपण काढून घेतो आहोत ते परत देण्याची तयारी हवी.

मापांची सवय कुठून लागली हे आधी सांगतो, कारण त्यामागे एक चांगली गोष्टही होती. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि माउसने फॉर्म काढता येऊ लागला. बटण उचला, हवे तिथे ठेवा, कोपरा ओढून मोठे करा. ज्यांना विंडोजचे अंतरंग कधीच कळले नसते अशा हजारो लोकांनी त्यावर दुकानांचे, दवाखान्यांचे, संस्थांचे प्रोग्रॅम लिहिले. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावी ज्याला आपण संगणकीकरण म्हणतो ते असेच झाले. पण प्रत्येक बटणामागे चार आकडे असत: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. हे आकडे ट्विप नावाच्या एककात, म्हणजे इंचाचा १४४० वा भाग. नेहमीच्या सेटिंगला एका पिक्सेलचे, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याचे, १५ ट्विप. मला जसे दिसते तसेच समोरच्याला दिसेल, हे त्या चार आकड्यांमागचे गृहीत होते. समोरच्याचा मॉनिटर, त्याचा चष्मा, त्याची भाषा, यांतले काहीही त्या आकड्यांना माहीत नव्हते.

विंडोजला स्वतःला ही अडचण ठाऊक होती. तिच्या डायलॉगची, म्हणजे माहिती विचारणाऱ्या छोट्या खिडक्यांची, मापे पिक्सेलमध्ये नसतात, फॉन्टवरून काढलेल्या एककात असतात. आडवे एकक म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा हिस्सा, उभे एकक म्हणजे उंचीचा आठवा. फॉन्ट वाढला की डायलॉग वाढतो. कल्पना चांगलीच आहे. फक्त सरासरी काढायची प्रचलित पद्धत अशी, की रोमन लिपीची लहान-मोठी ५२ अक्षरे एका ओळीत मांडायची आणि त्यांची रुंदी मोजून भागायची. त्या बावन्नांत आपले एकही अक्षर नाही.

आता आपल्या ताटाकडे बघा. मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. केळीचे पान असो, पितळी ताट असो की लहान मुलाची ताटली, मांडणी तीच. लिंबाची फोड काठापासून दोन इंचांवर ठेवा असे कोणत्याही आजीने कोणाला शिकवलेले नाही. कोण कोणाच्या शेजारी, कोणाच्या कोणत्या बाजूला, एवढेच ठरलेले असते. ताट मोठे झाले की मधली जागा वाढते आणि भाजी जास्त वाढली की शेजारची कोशिंबीर थोडी सरकते. पंगत वाढणारा ताट मोजत नाही, तरी शंभर ताटे एकसारखी दिसतात.

टूलकिट म्हणजे खिडक्या आणि बटणे बनवायचे तयार साहित्य; चांगल्या टूलकिटमधले लेआउट, म्हणजे मांडणी करणारा भाग, नेमके हेच करते. टीके या जुन्या टूलकिटमध्ये 'पॅक' आहे: उरलेल्या मोकळ्या जागेच्या एका कडेने पट्टी कापून घ्यायची, पुन्हा उरलेल्यातून दुसरी. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्ये आडवी पेटी, उभी पेटी आणि जाळी असते. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत चौकट प्रत्येक घटकाला विचारते, तुला किती जागा लागेल? बटण आपल्यावरचा मजकूर आणि फॉन्ट बघून उत्तर देते. दुसऱ्या फेरीत उपलब्ध जागेची वाटणी होते. उरलेली जागा कोणी घ्यायची, कमी पडली तर कोणी आखडायचे, हे आखणाऱ्याने आधी सांगितलेले असते. अ‍ॅपलने २०११ मध्ये डेस्कटॉपवर 'ऑटो लेआउट' आणले तेव्हा त्यामागे 'कॅसोवरी' नावाची गणिती रीत होती. "हे बटण त्या बटणाइतके रुंद", "यांच्यात आठापेक्षा कमी अंतर नको", अशी समीकरणे आणि असमीकरणे लिहून द्यायची आणि उत्तर यंत्राने काढायचे. काही अटी सक्तीच्या, काही जमल्यास पाळायच्या. माणसाच्या घरातही अशाच दोन प्रकारच्या अटी असतात, म्हणून मला ही रीत फार जवळची वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. लेआउटवर सोडून दिलेले फॉर्म कुरूप दिसतात. रुंद स्क्रीनवर पिनकोडची सहा आकड्यांची चौकट हातभर लांब पसरलेली मी अनेकदा पाहिली आहे. पण तिथे नाते सांगायचे राहिलेले असते. पिनकोडला जास्तीत जास्त किती रुंदी शोभते हेही सांगता येते, आणि त्यासाठी पुन्हा चार आकड्यांकडे जावे लागत नाही. खरी अडचण शिकण्याची आहे. जावामधले 'ग्रिडबॅग' समजायला इतके किचकट, की कॉलेजातली मुले लेआउट 'नल', म्हणजे बंद, करून प्रत्येक बटणाला आकडे चिकटवतात. पायथन शिकताना टीकेचे 'प्लेस' वापरून एक्स आणि वाय लिहून मोकळी होतात. परीक्षेत चालते, कारण तपासणारा त्याच प्रयोगशाळेतल्या त्याच मॉनिटरवर बघतो. मी शिकवायला गेलो की पहिल्याच तासाला खिडकीचा कोपरा धरून ओढायला सांगतो. वर्गात लगेच गलका होतो, कारण बटणे जागेवर थिजलेली असतात आणि खिडकी करडी, रिकामी पसरत जाते.

मराठीत ही हयगय इंग्रजीपेक्षा महाग पडते. रोमन अक्षराच्या उंचीची मोजदाद सरळ आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वरही वस्ती असते आणि पायाखालीही. 'मूर्तींना' हा शब्द घ्या: 'मू'खाली दीर्घ उकार, 'ती'वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही. इंग्रजी लेबलासाठी कापलेल्या उंचीत हा शब्द घातला की वरून किंवा खालून काहीतरी छाटले जाते. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजमध्ये आला तेव्हा कितीतरी प्रोग्रॅममध्ये ओळी एकमेकींवर चढल्या. लोकांनी फॉन्टला नावे ठेवली. 'मंगल' आपल्या लिपीला लागते तेवढी उंची मागत होता. त्या खोल्याच बुटक्या बांधलेल्या होत्या.

छाटले गेलेले चिन्ह म्हणजे केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर मी एवढा भांडलो नसतो. 'वारसाची संमती' आणि 'वारसांची संमती' यांत फरक एका टिंबाचा आहे. एका वारसाची सही पुरेशी की सगळ्यांची हवी, हे त्या टिंबावर ठरते, आणि लेबलाची उंची दोन पिक्सेलने कमी पडली की पहिले जाते ते तेच टिंब. उकार छाटला की 'पुत्र' 'पत्र' होतो. समोर बसलेला कारकून सवयीने बरोबर वाचेल, पण नवा माणूस? आणि ज्याच्यासाठी ती खिडकी फिरवून "हे वाचा आणि सही करा" म्हटले जाते, तो?

रुंदीचेही तसेच. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतराबद्दल कोणाचे मत काहीही असो, खिडकीच्या हिशेबाने पाच अक्षरांच्या जागी दहा अक्षरे आली. ज्या प्रोग्रॅममध्ये जिल्ह्याच्या यादीची चौकट आपल्यातल्या सर्वांत लांब नावावरून स्वतःची रुंदी ठरवत होती, तिथे फक्त डेटाबेसमधली एक ओळ बदलावी लागली. जिथे रुंदी आकड्यात कोरलेली होती तिथे 'छत्रपती सं' एवढेच दिसणार, आणि प्रत्येक फॉर्म उघडून हाताने ओढत बसावे लागणार. गावे, जिल्हे, खात्यांची नावे बदलतच असतात. ती बदलणार हे गृहीत धरणे एवढी साधी अपेक्षा आहे.

पडद्यांचे म्हणाल तर एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत पोचला. त्याचा पडदा साडेसात इंचांचा, १२०० बाय ९०० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला २०० ठिपके. नेहमीच्या ९६ ठिपक्यांच्या मॉनिटरवर ७५ पिक्सेलचे बटण दोन सेंटिमीटर भरते; या पडद्यावर ते एक सेंटिमीटरही भरत नाही. त्याच्या 'शुगर' या आवरणाने म्हणूनच नेहमीच्या एकावर एक खिडक्या घेतल्या नाहीत. प्रत्येक कृती पूर्ण पडदाभर उघडायची. मुलांच्या हातात काय पडणार आहे याचा विचार आधी झाला होता, हे त्यात दिसते.

इथवर आतल्या रचनेबद्दल बोललो. काठाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी अधिक कडक आहे.

खिडकी चौकोनीच असली पाहिजे असा कोणताही निसर्गनियम नाही. १९८९ मध्ये युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये 'शेप' हा विस्तार आला आणि खिडकीला हवा तो आकार देता येऊ लागला. माउसच्या मागे फिरणारे दोन डोळे आणि गोल घड्याळ हे त्याचे लोकप्रिय नमुने. विंडोजमध्ये खिडकीला प्रदेश कापून देण्याची सोय होती. विंडोज २००० मध्ये थरांच्या खिडक्या आल्या आणि कडा अर्धपारदर्शकही करता येऊ लागल्या. क्यूटीमध्ये मुखवटा लावता येतो. २०११ च्या जावा ७ पासून जावातही खिडकीला आकार देता येतो. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच्याही आधीची, मॅकिन्टॉशच्या पडद्यावर चित्रे रेखाटणाऱ्या क्विकड्रॉची. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी त्यात वाटेल त्या आकाराचे 'प्रदेश' बेरीज-वजाबाकी करून हाताळायची सोय केली. का? कारण एका चौकोनी खिडकीने दुसरीचा कोपरा झाकला की मागचीचा उरलेला भाग चौकोनी राहत नाही, काटकोनात वळलेल्या फळीसारखा होतो. म्हणजे साध्या चौकोनी खिडक्या चालाव्यात यासाठीच वेड्यावाकड्या आकारांचे गणित आधी सोडवावे लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी विनअँप या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्किनांची, म्हणजे बदलता येणाऱ्या रूपांची, लाट आली. २००० साली विंडोज मीडिया प्लेअरलाही स्किने आली, त्यात माणसाचे हिरवे डोकेसुद्धा होते. मी स्वतः रात्र-रात्र जागून स्किने बनवली आहेत आणि तो आनंद खरा होता. गाणी ऐकण्याच्या यंत्राला स्वतःचा चेहरा देणे हा वापरणाऱ्याचाच खेळ होता: स्किन तो निवडायचा, नको असेल तेव्हा काढून टाकायचा. तोच उत्साह जेव्हा विकत दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला, कंपनीच्या बोधचिन्हाच्या आकाराच्या लॉगिन खिडक्या आणि लाटांसारख्या कडांचे हिशेबाचे प्रोग्रॅम येऊ लागले, तेव्हा निवड वापरणाऱ्याच्या हातून गेली.

चौकट काढली की तिच्याबरोबर काय काय जाते ते प्रोग्रॅमरला उशिरा कळते. शीर्षकपट्टी धरून खिडकी सरकवणे गेले. कडेला धरून लहान-मोठी करणे गेले. लहान करायचे, मोठे करायचे, बंद करायचे ही तीन नेहमीच्या जागची बटणे गेली. पडद्याच्या कडेला नेऊन अर्धा पडदा भरायची सोय गेली. हे सगळे विंडोज किंवा लिनक्सचा विंडो मॅनेजर फुकट देत होता. आता यातला एकेक भाग हाताने लिहायचा, आणि प्रत्यक्षात सरकवणे आणि बंद करणे एवढेच लिहून हात झटकले जातात. अंध माणसाचा स्क्रीन रीडर खिडकीचे नाव शीर्षकावरून वाचून दाखवतो. केवळ चित्र म्हणून रंगवलेल्या बटणाला नाव नसेल तर एनव्हीडीएसारखा रीडर "बटण" एवढेच म्हणतो किंवा गप्प बसतो. अक्षरे मोठी केली की चित्राच्या स्किनवरची अक्षरे मोठी होत नाहीत. ती अक्षरे नसतातच, रंगाचे ठिपके असतात.

ही लाट ओसरली असे कोणाला वाटत असेल तर आपल्या रोजच्या खिडक्यांच्या वरच्या कडेकडे बघावे. आता कडा सरळ आहेत, पण शीर्षकपट्टी प्रोग्रॅमने बळकावली आहे. लिनक्सवरच्या जीटीके या टूलकिटमध्ये २०१३ पासून शीर्षकपट्टीतच बटणे मांडायची पद्धत रुजली. ब्राउझरचे टॅब तिथे गेले, शोधाची चौकट तिथे गेली, खात्याचा फोटो तिथे गेला. लहान पडद्यावर उभी जागा वाचते हे मान्य. पण खिडकी धरून सरकवायला बोटभर मोकळी जागा शोधावी लागते आणि थरथरत्या हाताच्या माणसाचा माउस सरकवायच्या ऐवजी भलतेच काहीतरी उघडतो. निदान एक पट्टी धरण्यासाठी राखीव ठेवावी आणि ती फॉन्टबरोबर वाढावी, एवढे तर करता येईल.

याचा अर्थ वेगळे आकार टाकून द्यावेत असे मी मुळीच म्हणत नाही. ते काठावर नकोत, आत हवेत, आणि आकाराला अर्थ असेल तिथे तर हवेतच. महाराष्ट्राचा नकाशा दाखवून "जिल्हा निवडा" म्हणणारी खिडकी घ्या. छत्तीस जिल्ह्यांची छत्तीस चौकोनी बटणे नकाशाखाली लपवली तर रायगडवर क्लिक केले की पुणे उघडेल, कारण वाकड्यातिकड्या जिल्ह्यांभोवतीचे चौकोन एकमेकांत घुसतात. इथे बिंदू खऱ्या हद्दीच्या आत आहे का हेच तपासले पाहिजे. जवळजवळ प्रत्येक टूलकिटमध्ये ती सोय आहे. हद्दीच्या काढलेल्या रेषेला 'हा बिंदू तुझ्यात आहे का' असे विचारता येते. हद्द कोडमध्ये कोरायची नाही, माहिती म्हणून बाहेर ठेवायची. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा ज्यांनी हद्दी फाइलमध्ये ठेवल्या होत्या त्यांचे काम फाइल बदलून भागले. आणि मुंबई शहर हा जिल्हा नकाशावर तांदळाएवढा दिसतो, तेव्हा नकाशाशेजारी नावांची साधी यादीही द्यावी, कीबोर्डने चालणारी. आकाराची मजाही राहते आणि कोणी बाहेरही राहत नाही.

मग हे व्हायचे कसे? प्रोग्रॅमरच्या सदिच्छेवर मी हे सोडणार नाही, कारण माझी सदिच्छा कमी नव्हती आणि तरी ते बटण पळून गेले. सरकारी आणि सहकारी संस्था सॉफ्टवेअर विकत घेतात, त्या खरेदीतच ही अट असली पाहिजे. कायदा आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे भारतीय मानक, आयएस १७८०२, २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत आले आणि ते वेबसाइटपुरते नाही, सॉफ्टवेअरलाही लागू पडते. तरीही निविदा तपासताना किती खिडक्या, किती अहवाल, किती वापरकर्ते हे मोजले जाते. खिडकी उघडून तिचा कोपरा ओढून कोणी बघत नाही. स्वीकृतीच्या दिवशी अर्धा तास पुरेल. अक्षरे दुप्पट करा. सगळ्यांत लांब मराठी नाव भरा. माउस काढून ठेवा आणि एक पूर्ण नोंद करून दाखवायला सांगा. कार्यालयातला सर्वांत जुना, सर्वांत लहान मॉनिटर आणा. हे बघणारा अधिकारी नसावा. रोज तिथे बसणारी व्यक्ती असावी, आणि तिच्या होकाराशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

त्या पतसंस्थेचा फॉर्म मी पुन्हा लिहिला. व्हिज्युअल बेसिकमध्ये लेआउट नव्हते, तेव्हा खिडकीचा आकार बदलला की सगळ्या जागा पुन्हा मोजणारा कोड हाताने लिहिला, मधला भाग सरकता केला आणि 'जतन करा' खालच्या कडेला कायमचे बांधले. त्याच वेळी संस्थेच्या मागणीवरून मोबाइल नंबरची एक चौकटही वाढवली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. बटण दिसत होते, पण त्यांचा हात सवयीने सात वेळा टॅब दाबून एंटर करत होता आणि आता सातव्या टॅबला 'रद्द करा' येत होते. दोन नोंदी त्यांना पुन्हा भराव्या लागल्या होत्या. मी मोबाइलची चौकट टॅबच्या क्रमात रकमेच्या आधी नेली, सात पुन्हा सात केले आणि 'जतन करा'ला कीबोर्डचा शॉर्टकट दिला. त्यानंतर मी कोणताही फॉर्म बदलायच्या आधी काउंटरच्या मागे जाऊन उभा राहतो आणि बसलेल्या माणसाची बोटे बघतो.